कान टवकारलेला मेंदू

८ जुलै १९९६, सोमवार. इंदापूर

आज शाळेत लेखी नोटीस मिळाली. "आपण अध्यापन करीत असताना तोंडात तंबाखूजन्य पदार्थ ठेवता, अशी काही पालकांची तोंडी तक्रार आहे. आठ दिवसांत खुलासा करावा." खाली मुख्याध्यापक गलांडे सरांची सही. देताना सर माझ्याकडे बघत नव्हते, टेबलावरचा पृथ्वीगोल फिरवत होते.

खुलासा एका वाक्यात होईल. मी, ज्योत्स्ना भानुदास सोनवणे, बी.एस्सी. बी.एड., बावड्याच्या या हायस्कुलात पाच वर्षं विज्ञान शिकवते आणि जन्मात कधी मिसरीसुद्धा लावलेली नाही.

पण तोंड हलतं, हे खरं. गेल्या दिवाळीपासून जीभ आतल्या आत फिरते, ओठ मुडपतात, काहीतरी चघळत असल्यासारखं दिसतं. मला स्वतःला ते कळतही नाही. आरशात बघितलं की कळतं.

कारण मला ठाऊक आहे. गोळीच्या डबीत एक घडी घातलेलं पत्रक असतं, मुंगीएवढ्या अक्षरांचं. ते मी प्रयोगशाळेतल्या भिंगाखाली वाचलं. हॅलोपेरिडॉल वर्षानुवर्षं घेणाऱ्यांना असं होऊ शकतं. मी सात वर्षं घेतेय. एकोणनव्वद साली बारामतीला बी.एड. करताना मला रेडिओतून माझं नाव ऐकू यायला लागलं, तेव्हापासून. पुण्याला दीड महिना दवाखान्यात होते. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, गोळी सोडू नका. सोडली नाही. गेली चार वर्षं तर डॉक्टरांकडे न जाता त्याच जुन्या चिठ्ठीवर आणतेय.

हे खुलाशात लिहायचं म्हणजे नोकरीवर पाणी सोडायचं. शाळेत कुणाला माहीत नाही. दुपारची गोळी मी शिपाई छबूबाईंनी आणून दिलेल्या पाण्याबरोबर घेते, पित्ताची म्हणून.

९ जुलै, मंगळवार

ठरलं. कारण काढलं की परिणाम जातो, हे मी आठवीला शिकवते आणि स्वतःला शिकवत नाही. आजपासून गोळी बंद. आईसमोर तोंडात टाकायची, मोरीत जाऊन काढायची आणि पावडरच्या रिकाम्या डब्यात ठेवायची. महिनाभरात तोंड थांबेल, तक्रार आपोआप मिटेल. इतकं सोपं होतं, मग सात वर्षं मी काय करत होते?

१४ जुलै, रविवार

रविंद्र आला होता. माझा धाकटा भाऊ, माळेगावच्या साखर कारखान्यात प्रयोगशाळेत आहे, उसाच्या रसाची तपासणी करतो. म्हणाला, "ताई, चेहरा उजळलाय तुझा. काय विशेष?"

विशेष सांगितलं नाही, पण इथं लिहिते. आज तो त्याच्या बायकोच्या ड्रायव्हिंगची गंमत सांगत होता आणि हसता हसता माझं पोट दुखलं. सात वर्षांत पहिल्यांदा. लोणच्याची फोड तोंडात टाकली तर चव थेट कानापर्यंत गेली. गोळीवर असताना सगळं गोधडीखालून ऐकल्यासारखं होतं. आता कुणीतरी गोधडी काढली.

१९ जुलै, शुक्रवार

तोंड कमी व्हायच्या ऐवजी जास्त हलतंय. आता जीभ बाहेरही येते. मी घाबरलेली नाही. विहिरीतला गाळ काढताना पाणी आधी गढूळच होतं.

खुलासा मंगळवारीच दिला होता. दातांचे उपचार चालू आहेत, असं लिहिलं. सरांनी वाचलं, घडी घातली, म्हणाले, "ठीक आहे. पण मॅडम, काही अडचण असेल तर सांगा." मी म्हटलं, अडचण काहीच नाही.

२७ जुलै, शनिवार

तीन तास झोप पुरते. बाकीच्या वेळात केवढं काम होतं! दहावीचे सगळे तक्ते नव्याने काढले, आठवीसाठी बेडकाच्या जीवनचक्राचं मातीचं मॉडेल केलं. वर्गात मी एका प्रश्नातून दुसऱ्यात अशी जाते की मुलं नुसती बघत राहतात.

छबूबाई दुपारी पाण्याचा तांब्या घेऊन उभ्या. "बाई, पित्ताची गोळी?"

"पित्त गेलं, छबूबाई."

"बंद केली व्हय?" म्हणाल्या. मग उगाच फडक्याने टेबल पुसत राहिल्या. टेबल स्वच्छच होतं.

२ ऑगस्ट, शुक्रवार

एक निरीक्षण. सकाळच्या बावड्याच्या एसटीत बसले की इंदापूर सोडताना समोरून येणारा ट्रक दोनदा आखूड आणि एकदा लांब हॉर्न देतो. काल तेच. परवा तेच. योगायोग एकदा होतो, तीनदा नाही. कारण अजून कळलेलं नाही, पण मी नोंदी ठेवतेय. नोंद ठेवणं हीच वैज्ञानिक दृष्टी.

आईचं वरण हल्ली कडवट लागतं.

९ ऑगस्ट, शुक्रवार

वरण कडूच. आईला विचारलं तर म्हणाली, "तुझी जीभ कडू हाय गं, ताप असंल." आणि स्वतः ते वरण खात नाही. म्हणते, भूक न्हाय. भाकरी आणि ठेचा खाऊन उठते.

शाळेतून लिटमस कागद आणला. वरणात बुडवला. निळ्याचा लाल झाला. आम्ल आहे! मी कागद वाळवून वहीत चिकटवला. आई बघत होती. "आमसूल टाकलंय की गं त्यात," म्हणाली. उत्तर तिच्याकडे तयारच होतं.

१३ ऑगस्ट, मंगळवार

आता केळी आणि शेंगा खाते. ज्याला साल आहे ते. डोकं इतकं स्वच्छ कधीच नव्हतं. नोटीस, ट्रक, वरण, सरांचा पृथ्वीगोल, सगळं एकाच सूत्रात बसतं. सर पृथ्वीगोल फिरवून थांबवतात तेव्हा बोट नेहमी त्याच जागी असतं.

१५ ऑगस्ट, गुरुवार, सकाळी

आज झेंडावंदनाला लाउडस्पीकर लावणार आहेत. त्यातून ते माझं नाव घेतील आणि मग मुलांनाही धोका होईल. मी ते होऊ देणार नाही. पांढरी साडी नेसले आहे. मी पूर्ण शांत आहे.

१२ सप्टेंबर, गुरुवार. माळेगाव बुद्रुक

महिन्यानं वही हातात घेतली. बोटं जड आहेत, अक्षर पाचवीतल्या मुलासारखं येतंय. तरी लिहिते.

मागची पानं आज वाचली. लिटमसचा कागद अजून चिकटलेला आहे. अर्थात लाल होणार. वरणात आमसूल होतं. हे मला सातवीतल्या मुलीने सांगितलं असतं.

पंधरा ऑगस्टला काय झालं ते रविंद्रने तुकड्यातुकड्याने सांगितलं. सरांचं भाषण सुरू होताच मी धावत गेले, माइकची वायर उपटली, मुलांसमोर हात पसरून उभी राहिले आणि ओरडत होते, "कान झाका, कान झाका." काही मुलांनी खरंच कान झाकले. गलांडे सर क्षणभरच थांबले, मग मोठ्याने म्हणाले, "वायरमध्ये करंट उतरला होता. मॅडमनी काढली म्हणून वाचलो. चला, आता बिनमाइकचं राष्ट्रगीत, बघू आवाज कुणाचा मोठा!" अख्खी शाळा गायली. तेवढ्यात छबूबाईंनी मला कवेत धरून जीपमध्ये बसवलं. बारामतीपर्यंत त्यांनी माझा हात सोडला नाही म्हणे.

बारामतीत एका लहानशा खासगी दवाखान्यात अकरा दिवस होते. मग रविंद्रच्या या क्वार्टरमध्ये. आईही इथंच आहे. दर गुरुवारी पुण्याहून डॉ. रश्मी वाघोलीकर बारामतीला येतात, त्या मला बघतात. आज त्यांनी विचारलं, "काही विचारायचंय?" मी म्हटलं, "पुढच्या गुरुवारी विचारते, आज जीभ जड आहे." त्या हसल्या. "मी वाट बघते," म्हणाल्या.

१९ सप्टेंबर, गुरुवार

प्रश्न लिहून नेला होता. सात वर्षांपूर्वी आजार आला तेव्हा हळूहळू आला होता, चार महिने लागले. या वेळी पाच आठवड्यांत मी वायर उपटण्यापर्यंत कशी पोचले? आणि गोळीने तोंड हलतं, तर गोळी बंद केल्यावर ते वाढलं का?

डॉक्टरांनी चष्मा काढला. "तुम्ही विज्ञान शिकवता ना? मग पूर्ण सांगते. डोपामिन हा मेंदूतला एक निरोप्या आहे. एक पेशी तो सोडते, दुसऱ्या पेशीवर तो झेलायच्या जागा असतात. त्यांना रिसेप्टर म्हणतात. तुमच्या आजारात या निरोपांचा गोंगाट होतो. साध्या हॉर्नलाही अर्थ चिकटतो. गोळी काय करते, झेलायच्या जागा अडवून बसते. निरोप पोचत नाहीत, गोंगाट थांबतो."

"इथपर्यंत माहीत आहे."

"पुढचं ऐका. मेंदू गप्प बसत नाही. निरोप येईनात म्हटल्यावर तो झेलायच्या जागा वाढवतो. आहेत त्याही जास्त संवेदनशील होतात. गोळी आहे तोवर हे झाकलेलं राहतं. तुमच्या मेंदूने सात वर्षं ही तयारी केली आणि तुम्ही एका दिवसात झाकण काढलं."

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट आठवली. माझा घसा बसला होता, आठवडाभर आवाजच नव्हता. पहिल्या दिवशी नववीत दंगा झाला. तिसऱ्या दिवशी मात्र पोरं पुढं सरकून बसली होती, कान टवकारून. माझं कुजबुजणंही शेवटच्या बाकापर्यंत पोचत होतं. आठवड्याने घसा सुटला आणि मी नेहमीच्या आवाजात "वह्या काढा" म्हटलं, तर पहिल्या बाकावरची पोर दचकून उभीच राहिली.

डॉक्टरांना हे सांगितलं. म्हणाल्या, "हे मी पुढच्या पेशंटला सांगू का?"

"सांगा. म्हणजे माझा आजार वाढला नव्हता?"

"थोडा आजार परत आला, थोडं या टवकारलेल्या कानांमुळे झालं. कुठलं किती, ते वेगळं करून मला दाखवता येणार नाही. खोटं कशाला सांगू?"

तोंडाचंही तेच. हालचाल सांभाळणाऱ्या भागातल्या जागाही अशाच तिखट होतात, आणि मेंदूतलं आणखीही काही बिघडतं म्हणे, जे अजून कुणालाच नीट कळलेलं नाही. गोळी वाढवली तर तोंड आज थांबेल, पण ते नुसतं झाकणं. आत तिखटपणा वाढत राहील. मग उपाय? आधी पूर्ण बरं व्हायचं, मग गोळी कमी करायची, टप्प्याटप्प्यानं, म्हणजे मेंदूला जागा आवरायला वेळ मिळेल.

"किती हळू?" मी विचारलं.

"तुम्हाला माझा राग येईल इतकं हळू."

दीड मिलिग्रॅमच्या पाच गोळ्यांवर आहे सध्या. पूर्वीपेक्षा कमीच. परत येताना रविंद्रच्या मोटारसायकलवर मागे बसून मला चक्क बरं वाटत होतं. ज्याचं कारण कळतं त्याची मला भीती वाटत नाही.

२२ सप्टेंबर, रविवार

आज आईने सांगितलं.

मी भाजी निवडत होते. ती समोर येऊन बसली, पदर तोंडाला लावला आणि म्हणाली, "ज्योत्स्ना, वरणात म्या टाकायची."

"काय टाकायचीस?"

"गोळी. पावडरच्या डब्यात सापडल्या मला. खलबत्त्यात कुटून टाकायची. कधी एक, कधी दोन. तू कमी खाल्लंस की दुसऱ्या दिशी जास्ती."

माझ्या हातातली मेथी तशीच राहिली. म्हणजे वरण खरोखर कडू होतं. एवढ्या सगळ्या खोट्या गोष्टींत ती एक खरी होती.

"मला सांगायचं होतंस."

"सांगितलं असतं तर खाल्ली असतीस व्हय?"

"नाही."

"मग? मागल्या बारीला सा आठवडं पुण्याला दवाखान्याच्या पायरीवर बसलेली मी. तुझा बाप व्हता तवा. आता एकटीनं कसं बसू?"

मला राग आला, खूप आला. तसं तिला सांगितलं. माझ्या ताटात मला न सांगता काही पडणार असेल तर मी या घरात कधीच निर्धास्त जेवू शकणार नाही. ती ऐकत होती. मग म्हणाली, "आणि तू मोरीत जाऊन थुकायचीस, ते?"

रविंद्र दारात उभा होता. तो म्हणाला, "एकाच बैलगाडीचे कासरे दोघी दोन दिशांनी ओढत होतात. बैलानं करायचं काय?"

ठरलं. गोळ्यांची डबी दिवाणखान्यात, सगळ्यांसमोर, बाबासाहेबांच्या फोटोखालच्या फळीवर. मी घेणार ती दिसेल अशी घेणार. आई स्वयंपाक करेल तो सगळे एकाच पातेल्यातून खाणार. आज आईने त्याच पातेल्यातलं वरण आधी स्वतःला वाढून घेतलं, एक घास खाल्ला, मग मला वाढलं.

६ ऑक्टोबर, रविवार

गलांडे सर आले होते. बावड्याहून माळेगाव, दोन एसट्या बदलून. सोबत पेरूची पिशवी.

पंचवीस तारखेला शाळा समितीची बैठक आहे. विषय दोन, तंबाखूची तक्रार आणि पंधरा ऑगस्ट. सर म्हणाले, "मॅडम, करंटची गोष्ट गावात पक्की बसलीय. पोरं तुम्हाला शूर समजतात. तोंडाचं दातांवर ढकललेलं आहेच. डेंटिस्टचा एक दाखला आणा, विषय संपतो. मी तुमच्या बाजूनं आहे."

आई लगेच म्हणाली, "देवमाणूस हाय हो सर तुमी."

मी म्हटलं, विचार करते. सर गेल्यावर वाटलं, याच माणसाच्या पृथ्वीगोलाला मी काय काय अर्थ लावले होते.

१४ ऑक्टोबर, सोमवार

आज धम्मदीक्षेला चाळीस वर्षं झाली. माझे वडील, अप्पा, असते तर सकाळीच पांढरे कपडे घालून बसले असते. छप्पन्न साली ते अठरा वर्षांचे होते. नागपूरला जाता आलं नाही, नंतर दोन महिन्यांनी गावात दीक्षा घेतली. ते सांगायचे, दीक्षेनंतर सगळ्यात अवघड काय वाटलं असेल तर लोकांनी "कोण तुमी?" विचारल्यावर मान वर करून सांगणं. पहिल्यांदा सांगताना पाय लटपटले, म्हणायचे, दुसऱ्यांदा न्हाय.

विहारात जाऊन आलो. संध्याकाळी डेंटिस्टच्या दाखल्याचा विषय आईने पुन्हा काढला. मी नको म्हटलं. दाखला आणला तर आयुष्यभर दात दुखल्याचं नाटक करावं लागेल, आणि पुढच्या वेळी काही झालं तर मदत मागायला तोंड उरणार नाही.

२५ ऑक्टोबर, शुक्रवार. इंदापूर

बैठक झाली. डॉ. वाघोलीकरांचा खरा दाखला घेऊन गेले. रविंद्र बाहेर थांबला. आत सात जण. अध्यक्ष कुंडलिकतात्या, डाळिंबाची मोठी बाग आहे त्यांची, मोठमोठ्याने बोलतात.

सरांनी करंटपासून सुरुवात केली. मी हात वर केला. "सर, करंट नव्हता. मला आजार आहे."

मग सगळं सांगितलं. एकोणनव्वद साल, गोळी, तोंड का हलतं, मी ती मनानेच बंद केली, वायर का उपटली. सांगताना तोंड हलत होतंच, त्यामुळे वेगळा पुरावा लागला नाही. पाय लटपटले. अप्पा बरोबर सांगायचे.

एक सदस्य म्हणाले, "म्हंजे वेड." दुसरे म्हणाले, "पोरींच्या जिवाला काय झालं असतं तर?" हा प्रश्न रास्त आहे, तसं मी बोलले. "काही झालं नाही, पण होऊ शकलं असतं. म्हणून मी आता गोळी स्वतःच्या मनाने कमी करणार नाही. आणि मला काही वेगळं वाटलं तर मी सरांना त्याच दिवशी सांगेन आणि घरी जाईन. हे मी लिहून देते."

कुंडलिकतात्यांनी मिशीवरून हात फिरवला. "बाई, तुमी ही गोळी किती वर्सं घेताय म्हणालात?"

"सात."

"आणि आमच्या शाळंत पाच वर्सं हायसा. म्हंजे पाच वर्सं गोळी घेऊनच शिकवत हुता?"

"हो."

"माझ्या नातीला विज्ञानात अठ्ठ्याऐंशी मार्क त्याच गोळीवर पडलं की मग."

कुणीतरी हसलं. निर्णय मात्र हसण्यावारी नव्हता. दाखला दर तीन महिन्यांनी. दिवाळीनंतर रुजू. पण दहावीचा वर्ग या वर्षी नाही, सहावी आणि सातवी. दहावी माझी लाडकी. तरी मी "चालेल" म्हटलं. त्यांच्या जागी मी असते तरी हेच ठरवलं असतं.

बाहेर छबूबाई तांब्या घेऊन उभ्या होत्या. मी म्हटलं, "छबूबाई, पित्त नव्हतं ते."

"आमाला ठावं हुतं," त्या म्हणाल्या. "माझ्या दिराला हीच गोळी हुती. रंग वळखते मी."

२ डिसेंबर, सोमवार

शाळा. सातवीत शिरले तर एक मुलगी उभी राहिली, "बाई, तुमी आमाला शॉकपासून वाचवलं ना?" सगळे टाळ्या वाजवायला लागले.

थांबवायला लागलं. मी म्हटलं, "वायरमध्ये शॉक नव्हता. मी आजारी होते. मला जे नाही ते ऐकू येत होतं. औषध चालू आहे. त्या औषधानेच माझं तोंड हलतं. तंबाखू नाही, कुणीही खाऊ नका."

मागून एक आवाज, "बाई, मग आता ऐकू येतं का?"

"आता तुझा आवाज ऐकू येतो. पान चाळीस काढ."

टाळ्यांपेक्षा हे बरं झालं, असं मला वाटतं. घरी येईपर्यंत खात्री नव्हती. आता आहे.

गेल्या गुरुवारी पाचाच्या चार गोळ्या झाल्या.

१३ मार्च १९९७, गुरुवार

चाराच्या तीन. नोव्हेंबरअखेर कमी केली तेव्हा दोन आठवडे झोप मोडली, तोंड थोडं वाढलं आणि मग आपलं आपण खाली आलं. डॉक्टर म्हणाल्या, मेंदू आवराआवर करतोय, घाई नको. मी म्हटलं, "राग यायला लागलाय तुमचा." म्हणाल्या, "छान, म्हणजे बरोबर गतीने चाललोय."

तोंड पूर्वीइतकं नाही. जीभ बाहेर येत नाही. ओठ मुडपणं आहे. कदाचित राहीलच, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. राहू दे. सातवीच्या पोरांना आता त्याचं काही वाटत नाही. त्यांना चाचणीच्या मार्कांचं वाटतं.

५ जून, गुरुवार

तिनाच्या दोन. मनात हिशेब केला, सप्टेंबरात एक, डिसेंबरात शून्य. नव्या वर्षात गोळी न घेता जायचं. आईला बोलले. ती "बगू" म्हणाली.

२४ जून, मंगळवार

आज दळण घेऊन गेले होते. गिरणीत म्हाळसा होती, गिरणीवाल्याची बायको. पट्टा फिरत होता, मी बाकावर बसले होते. पट्ट्याच्या घरघरीत माझं नाव ऐकू आलं. ज्योत्स्ना. स्पष्ट. मग पुन्हा. तिसऱ्यांदाही.

पहिला विचार काय आला तेही लिहिते, लपवत नाही. वाटलं, कितव्या फेऱ्याला येतंय ते मोजावं.

मोजलं नाही. उठून म्हाळसाजवळ गेले आणि विचारलं, "म्हाळसा, तू मला हाक मारलीस का?"

"न्हाय बाई."

"दुसऱ्या कुणी?"

तिने आजूबाजूला बघितलं. "हितं कोण हाय? तुमी आन मी."

माझा कान सांगत होता हाक आली. म्हाळसा सांगत होती आली नाही. मी म्हाळसाचं खरं मानलं. आयुष्यात याहून अवघड गोष्ट मी केली नसेल, आणि बाहेरून बघणाऱ्याला फक्त एक बाई पिठाचा डबा उचलून निघालेली दिसली असेल.

घरी येऊन डबा खाली ठेवायच्या आधी आईला सांगितलं. ती चुलीजवळ होती. मला वाटलं, धावेल गोळ्यांच्या फळीकडे. ती जागची हलली नाही. हात पुसले आणि विचारलं, "मग? काय करायचं म्हणतीस?"

"सरांना निरोप देते. दोन दिवस रजा. गुरुवारी बारामती."

"व्हय," म्हणाली. "मी येते संगं."

२६ जून, गुरुवार

डॉक्टरांनी सगळं ऐकलं, दोनाच्या परत तीन केल्या. सहा महिने तिथंच थांबायचं. मग परत बघू, आणि कदाचित तीनच तुमचा मुक्काम असेल, म्हणाल्या. "वाईट वाटलं?"

"शून्याचं वाटलं थोडं," मी म्हटलं. "पण गेल्या खेपेला मला पाच आठवड्यांत कळलं नव्हतं ते या खेपेला एका दळणात कळलं."

दुपारची इंदापूर गाडी मिळाली. आईला खिडकी दिली. बारामती सुटल्यावर तिने विचारलं, "आता किती?"

"तीन."

"कोण देनार?"

"मी घेणार."

तिने मान हलवली. थोडा वेळ उसाची शेतं बघत राहिली. निमगाव केतकी यायच्या आतच तिला झोप लागली, डोकं माझ्या खांद्यावर. एकोणनव्वदपासून माझ्याबरोबर एसटीत बसून ही बाई कधी झोपली नव्हती. मी कडेला सरकले नाही. इंदापूरच्या स्टँडवर सगळे उतरेपर्यंत तिला तशीच झोपू दिली.